माझं अक्षर पंधरा हजार घरांत

सोमवार, ४ मार्च

ही वही नातीने दिली. रोज अर्धं पान लिही म्हणाली, हात वळता राहील. काय लिहू विचारलं तर म्हणे, "मनात येईल ते. कुणी वाचणार नाही." कुणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला? पण काम तिचं आहे, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळल्या. चादरीला अक्षर लागत नाही.

काम असं आहे. नात दलालांना मजकूर लिहून देते. घरं विकणारे, विमा विकणारे, लोकांनी पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणारे, हे सगळे तिचं गिऱ्हाईक. त्यांना स्वतःला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून त्यांच्या नावाने ही लिहिते. त्याला कंटेंट म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे जाहिरातच ना?" तर म्हणाली, "नाही आजी. जाहिरातीत मागतात. कंटेंटमध्ये आधी द्यायचं. चार वेळा लोकांच्या उपयोगाचं काहीतरी सांगायचं आणि पाचव्या वेळी मागायचं."

म्हणजे गळ टाकायच्या आधी माशांना चार दिवस पिठाच्या गोळ्या टाकतात तसं. तिला हे बोलले तर हसली नाही, फोनमध्ये टिपून घेतलं.

आता एका बड्या घरदलालाच्या वतीने लोकांना कागदाची पत्रं पाठवायची आहेत, हाताने लिहिलेली. छापील पाकीट लोक न फोडता टाकून देतात. हाताने पत्ता घातलेलं फोडतात, आणि अक्षर म्हाताऱ्या माणसाचं दिसलं तर फोडतातच फोडतात. म्हणून मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अक्षराला भाव आला, तोही वाकडं आहे म्हणून.

रविवार, १० मार्च

नात साठ कार्डांचा खोका घेऊन आली. सोबत दलाल. तोंड दिसेल असे चकचकीत बूट, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्यामुळे धापा टाकत होता. लिफ्ट बंद आहे हे नातीने त्याला सांगितलंच नव्हतं. पोरगी माझ्यावर गेली आहे.

मी नमुन्याला लिहिलेलं एक कार्ड त्याने उजेडात धरून बघितलं. म्हणाला, "आजी, तुमचं अक्षर म्हणजे सोनं आहे सोनं."

"मग वितळवू नका," म्हटलं.

नात हसली. तो उशिराने हसला.

पहिल्या कार्डावर काय उपयोगाचं सांगायचं यावर दोघं अर्धा तास बोलत बसले. व्याजदर म्हणे, बाजारभाव म्हणे. शेवटी मीच म्हटलं, एकट्या माणसाला व्याजदर काय करायचाय? नळ ठिबकत असेल तर तोंडाला फडकं बांधावं आणि फडक्याचं टोक बादलीत सोडावं. पाणी गळायचं ते गळतं, पण आवाज बंद होतो आणि झोप लागते.  मग दलाल म्हणाला, "हेच. अगदी हेच."

खाली सही काय करायची तर "तुमची शेजारीण आजी". मी विचारलं, कुणाची शेजारीण? नात म्हणाली, "सगळ्यांची."

दलाल लवकर गेला. नात अडीच तास बसली. खोका जड होता, दम खायला बसली असेल.

गुरुवार, १४ मार्च

पत्ते लिहिता लिहिता एक लक्षात आलं. साठच्या साठ पाकिटांवर एकेकच नाव. कुठे जोडपं नाही, कुठे "आणि कुटुंब" नाही. नातीला फोन केला.

"यादीच तशी आहे आजी. घर स्वतःचं, वीस वर्षांच्या वर राहणारे, माणूस एकटं. असे लोक कधी ना कधी विकतातच. आपण फक्त तेव्हा त्यांच्या डोक्यात असायला हवं."

"तुम्हाला कोण सांगतं कोण एकटं आहे ते?"

"माहिती विकत मिळते."

हेही विकतात. घेणारेही आहेत. आज चाळीस झाली. अंगठा ठणकतोय.

रविवार, २४ मार्च

एक वेगळंच उत्तर आलं. उत्तरं दलालाच्या पत्त्यावर येतात, नात घेऊन येते. बाकी सगळी "पत्र मिळालं, आभार" अशी. हे इथे उतरवून ठेवते, कारण असला आगाऊपणा मी बघितला नाही.

"घर विकायचं नाही. पण पत्र लिहिणाऱ्या बाईंना निरोप द्या. उजवा अंगठा दुखत असताना पेन इतकं घट्ट धरू नये. पेनाला कापडाची पट्टी गुंडाळावी म्हणजे जाड होईल आणि दाबावं लागणार नाही. मी चाळीस वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टरांची अक्षरं वाचून औषधं दिली, तुमचं त्यापुढे छापल्यासारखं आहे."

नात म्हणाली, "आजी, याने तुझा अंगठा ओळखला."

"रिकामटेकडा असेल," म्हटलं.

ती गेल्यावर जुन्या उशीच्या अभ्र्याची पट्टी फाडून पेनाला गुंडाळली. पुढची वीस कार्डं सलग झाली. याचा राग जास्त आला.

शनिवार, ३० मार्च

दुसरं कार्ड, घराची कागदपत्रं एकाच पाकिटात आणि ते पाकीट कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असावं, असं. कंपाउंडरच्या कार्डाखाली जागा उरली होती म्हणून एक ओळ घातली. "पट्टी बांधली. न विचारता शहाणपण दिलंत, म्हणून आभार मानत नाही."

नातीला सांगितलं नाही. तिचं पाकीट, माझी शाई.

रविवार, ७ एप्रिल

कंपाउंडरचं उत्तर. "आभार नकोत. कागदपत्रांचं पाकीट कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला सांगा म्हणता. कुणाला सांगू ते तुमच्या कार्डात लिहिलेलं नाही."

त्याच्या मागच्या दोन खोल्या बंद असतात, असंही लिहिलंय. झाडायला नको म्हणून कुलूप लावलंय.

रविवार, २१ एप्रिल

तिसऱ्या कार्डाखाली लिहिलं होतं की बंद खोलीला वास धरतो, आठवड्यातून एकदा उघडा, बसायचं नसलं तरी. आणि पाकिटाचं मला सांगा, मी कुणाला सांगणार आहे.

आज उत्तर आलं. "खोल्या उघडल्या. एका खोलीत मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त ऊन येतं. पाकीट स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, मोठ्या डब्यात."

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणतोय तुझा कंपाउंडर?"

"माझा कसला? तुमच्या यादीतला आहे."

"लाजतेस काय?"

"या वयात लाजायला रक्त कुठून आणू."

हल्ली रविवारी नात दुपारी येते आणि संध्याकाळी जाते. तिच्या येण्याची वाट बघते असं नाही. जिन्यावर कुणाचेही पाय वाजले तर माणूस दाराकडे बघतंच.

रविवार, ५ मे

आज नातीने चौकटी आखलेले नऊ कागद आणले. एकेक अक्षर पाच-पाच वेळा लिहायचं, काना-मात्रांसकट, मग जोडाक्षरं, मग आकडे. चौथीतल्या बाईंनी एवढं लिहून घेतलं नव्हतं. मी विचारलं कशाला. म्हणाली, "नमुना हवाय. आता तुझ्या अंगठ्याला आराम."

किती दिवस आराम ते विचारायचं राहिलं. तिने कागद घेतले, कार्डांचा खोका आणला नव्हता. चहा अर्धा टाकून गेली.

रविवार, १२ मे

आली नाही. काम आहे म्हणाली.

रविवार, १९ मे

आली नाही.

शनिवार, १ जून

लिफ्ट सुरू झाली. एकदा खाली जाऊन वर आले. दुसऱ्यांदा जायला कारण नव्हतं.

बुधवार, १२ जून

कंपाउंडरला माझं कार्ड जाऊन आठ आठवडे झाले. पत्ता माझ्या हाताने इतक्यांदा लिहिलाय की पाठ आहे. पण दलालाचं कार्ड नसताना आपण होऊन पत्र लिहायचं म्हणजे काय लिहायचं? कार्ड होतं तेव्हा तळाशी जागा होती. कोरा कागद पुढे घेतला आणि त्यावर भाजीची यादी केली.

तोही लिहीत नाही. पट्टी दिली, काम झालं. गरज सरो, वैद्य मरो. इथे वैद्य कोण ते कळत नाही.

मंगळवार, २ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटणार नाही.

टपालात माझ्या नावाचं पाकीट आलं. पत्ता माझ्या अक्षरात. आत कार्ड, तेही माझ्या अक्षरात. "घर मोठं, माणूस एक. मला कळतं. मीही एकटीच राहत होते." खाली "तुमची शेजारीण आजी".

मी हे लिहिलेलं नाही. पण अक्षर माझंच. खुर्चीत बसले. धुलाईखान्यात माझ्या बरोबरीची एक होती, ती शेवटी शेवटी स्वतःच्याच मुलीला "तू कोणाची गं" विचारायची. म्हटलं, झालं, आपलीही गाडी त्या रुळावर आली. मीच लिहिलं, मीच पेटीत टाकलं आणि मीच विसरले. वही काढली, एकेक पान चाळलं. कुठे सापडेना. मग वहीतलं अक्षर आणि कार्डातलं अक्षर शेजारी शेजारी ठेवलं. माझा प्रत्येक ळ वेगळा पडतो, कधी पोट मोठं, कधी शेपूट लांब. कार्डातले सगळे ळ जुळ्या भावांसारखे.

नातीला फोन लावला.

"अगं आजी, तुझ्या अक्षराचा फॉन्ट केला ना. ते नऊ कागद. आता मशीन लिहितं, खऱ्या पेनाने, खऱ्या शाईने. पंधरा हजार घरांत गेलंय तुझं अक्षर."

"मला का आलं?"

"तू पण यादीत बसतेस ना. घर स्वतःचं, एकतीस वर्षं, एकटी. नाव काढायचं राहून गेलं."

मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत लावला आणि कंपाउंडरचं विचारलं.

"तो? आमच्याकडचा सगळ्यात छान माणूस आहे. सारखी उत्तरं लिहितो. परवा गुरुवारी सही करतोय. घर देतोय आणि दलालाच्या नव्या इमारतीत तळमजल्याचा ब्लॉक घेतोय."

"त्याला उत्तर कोण देतं?"

"मी देते. म्हणजे तुझ्या फॉन्टमध्ये."

"काय दिलंस ते वाच."

वाचायला तयार नव्हती. मी काही बोलले नाही, नुसती फोन धरून बसले. माझ्या गप्प बसण्याला ती लहानपणापासून घाबरते. वाचलं तिने. मी म्हणे माझं घर विकलं. नव्या इमारतीत राहायला गेले. जिना नाही, व्हरांड्यात बाक आहे, संध्याकाळी तिथे बसते. माझ्या शेजारचा ब्लॉक रिकामा आहे. पट्टी अजून पेनाला आहे.

"हे सगळं खोटं आहे," म्हटलं.

"गोष्ट आहे आजी. कंटेंटमध्ये गोष्ट लागते. आणि त्याचं भलंच होतंय. एकटा पडलाय मागच्या खोल्या घेऊन."

"आणि सहीनंतर बाकावर कोण बसणार? मशीन?"

तिने फोन ठेवला.

बुधवार, ३ जुलै, सकाळ

पत्र लिहायला बसले. "मी कुठेही गेलेले नाही. सही करू नका." वाचून बघितलं. अक्षर तेच, जे त्याला दर पंधरा दिवसांनी येतंय. त्याने यावर विश्वास ठेवायचा की बाकाच्या पत्रावर? आणि टपालाने आज टाकलेलं गुरुवारच्या आत पोचायचं नाही. त्याचा फोन नंबर फक्त नातीकडे आणि दलालाकडे. दलालाला कळलं तर नातीचं काम जाईल, हे मला कळतं. तिच्या घरभाड्यातला अर्धा भाग हा दलाल भरतो. सकाळपासून चार वेळा चपला घातल्या आणि चार वेळा काढल्या.

संध्याकाळ

गेले. दोन बस. दुसऱ्या बसमध्ये मनात घोकत होते की दारात उभं राहून सांगायचं आणि निघायचं.

त्यानेच दार उघडलं. माझ्याहून बुटका, गळ्यात दोरीचा चष्मा. मागे दोरीने बांधलेले खोके.

"कोण पाहिजे?"

"पत्रं लिहिणारी."

त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. "या की. मी उद्याच सही करून तिकडे येणार होतो. तुमच्या शेजारचाच ब्लॉक आहे ना?"

"मी तिकडे राहत नाही. इथून दोन बस लांब, तिसऱ्या मजल्यावर राहते. एकतीस वर्षं तिथेच आहे. एप्रिलनंतर मी तुम्हाला एक अक्षर लिहिलेलं नाही. ते मशीन लिहितं. माझ्या अक्षरात."

तो आत गेला. मला वाटलं दार लावणार. तर पत्रांचा गठ्ठा घेऊन आला, खोक्यावर पसरला, एप्रिलपर्यंतची एकीकडे, नंतरची दुसरीकडे. बराच वेळ बघत होता.

"फरक दिसला होता मला," म्हणाला. "दाब कमी झाला होता, थरथर एकसारखी. मला वाटलं, अंगठा बरा झाला. म्हटलं, चला, गुण आला."

म्हटलं, "पट्टी चांगली आहे."

"बाकाचं कोणी लिहिलं?"

"नातीने. वाईट नाही ती. पोटासाठी लिहिते."

"छान लिहिते," म्हणाला. एकेक पत्र उचलून गठ्ठा पुन्हा बांधला, दोन्ही ढीग एकत्रच. मग म्हणाला, "बसा. चहा टाकतो."

"बस चुकेल."

"पुन्हा याल?"

"कशाला?" म्हटलं.

बस यायला चाळीस मिनिटं होती. थांब्यावर उभी राहिले. कशाला, असं का म्हटलं कुणास ठाऊक. तोंड आयुष्यभर असंच चालवलं, आता ऐन वेळी वळत नाही.

शुक्रवार, ५ जुलै

नातीचा फोन. कंपाउंडर सहीला गेला नाही. एवढंच नाही, तर दलालाला फोन करून "तुमचं मशीन बरं लिहितं" असं सुनावलं. दलालाने तिचं काम बंद केलं.

"तुला कळतंय का आजी, माझं काय झालं?"

"कळतंय."

"मग का गेलीस?"

"तो काल येणार होता गं. बाकावर."

फोनवर ती रडत होती, मी रडू दिलं. समजूत घालायला मला कधी जमलं नाही. तिचं आवरल्यावर विचारलं, "असे अजून किती?"

"कसे?"

"ज्यांना तू माझ्या नावाने उत्तरं दिलीस."

म्हणाली, "त्याला धरून अकरा."

"पत्ते सांग."

वाटलं फोन आपटेल. आपटला नाही. एकेक सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्येच म्हणाली, तिसऱ्या पत्त्यावरची बाई जरा कमी ऐकते, मोठ्याने बोल. पाचव्याला जिना वाईट आहे. सगळ्यांचं सगळं तिला माहीत होतं.

बुधवार, १० जुलै

दुसरं घर झालं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तासभर मला शिव्या दिल्या. बरोबर दिल्या. त्यातल्या दोन मला नव्या होत्या. निघताना म्हणाली, नळाचं मात्र खरं निघालं.

शनिवार, १३ जुलै

तिसरं घर. इतक्या मोठ्याने ओरडून सांगितलं की समोरच्या घरातल्यांनी खिडकी उघडून ऐकलं. म्हातारीला फक्त एवढं कळलं की मी आले आहे. दीड तास बसले. बसायचं नाही असं ठरवलं होतं.

गुरुवार, १८ जुलै

चौथा माणूस जुना शिंपी. त्याला आधीच कळलं होतं म्हणे. "बाई, तेवढा मूर्ख नाही मी. एवढी पत्रं हाताने कोण लिहील?"

"मग उत्तरं का देत होता?"

"पत्र येत होतं ना. कोणाचं का असेना." आणि विचारलं, "आता बंद होणार का?"

मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "कारण नसताना शहाणपण केलंत."

बसमध्ये तेच डोक्यात. भलं करायला गेले ते कोणाचं, देव जाणे. संध्याकाळी नातीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पाचव्या घरी मी येते. तो जिना तुला एकटीला जमायचा नाही." तिला म्हटलं, ये. दुसरं काही म्हणाले नाही. चुकून काहीतरी बोलले असते.

रविवार, २१ जुलै

पाचवं घर नातीबरोबर झालं. जिन्यावर तिने माझा दंड धरला होता. बोलायचं तिने ठरवलं होतं, पण दार उघडल्यावर तिच्या तोंडातून शब्द फुटेना, शेवटी मीच बोलले. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. पण स्वतःच्या थांब्यावर नाही, माझ्या थांब्यावर उतरली.

अजून सहा घरं राहिली. यादी तपासून ज्यांचं झालं त्यांच्यापुढे रेघ मारली. कंपाउंडरच्या नावापुढे मारता येईना. त्या दिवशी दारातच बोलले, तेही घाईत, बसच्या नावाखाली. त्याला सगळं नीट कळलं की नाही याची खात्री नाही. अर्धवट काम मला चालत नाही. परत जाऊन नीट सांगून यावं लागेल, बसून.